माहीत कोणाला आहे, हे माहीत असणं

ऐंशीच्या दशकात ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर फिरले. एरर कोड पाहा, सांगितलेली चाचणी घ्या, सुटा भाग बदला, अशी शिस्त कंपनीने मॅन्युअलमध्ये आखून दिली होती. पण बिघाड मॅन्युअलमध्ये बसेनासा झाला की तंत्रज्ञ एखाद्या जाणकाराला बोलावत आणि यंत्र तपासता तपासता दोघं जुन्या बिघाडांचे किस्से एकमेकांना सांगत. एखादा किस्सा समोरच्या लक्षणाशी जुळवून पाहताना खरं कारण हाती लागे. वरवर वेळ घालवणं वाटावं असं हे बोलणं म्हणजे कामाचाच गाभा होता.

नव्वदच्या दशकात कंपनीने याच सवयीवर ‘युरेका’ ही संगणकीय व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने युक्ती सुचवायची, सहकाऱ्यांनी ती पारखायची आणि मग ती सुचवणाऱ्याच्या नावासह सर्वांना खुली व्हायची. युक्तीमागे पैसे देण्याची कल्पना तंत्रज्ञांनीच नाकारली; पैशापायी युक्त्यांची संख्या वाढेल आणि कस उतरेल, ही त्यांची भीती रास्त होती. ब्राझीलमध्ये सुमारे ४० हजार डॉलरचं, रंगीत प्रती काढणारं एक यंत्र बदलायची वेळ आली होती. माँट्रियलच्या तंत्रज्ञाने नोंदवलेल्या युक्तीमुळे दोष ५० सेंटच्या फ्यूज होल्डरमध्ये असल्याचं कळलं. युरेकामुळे एकूण १० कोटी डॉलर वाचले, असा अंदाज आहे.

अशा जाळ्यातून चुकीची माहितीही तितक्याच वेगाने पसरेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच सहकाऱ्यांची पारख आणि युक्तीखालचं नाव महत्त्वाचं. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाव दिसतं, पण पारख कोणी करत नाही आणि उत्तर चार दिवसांत शुभेच्छांखाली गाडलं जातं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळं ज्ञान लिहून देता येत नाही. मॉर्टन हॅन्सन यांनी १९९९ मध्ये एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या अभ्यासातून दाखवलं, की दूरच्या विभागांतल्या जुजबी ओळखी उपयुक्त ज्ञान शोधायला मदत करतात. पण ते गुंतागुंतीचं असेल तर ते आत्मसात करायला घट्ट संबंधच लागतात.

म्हणजे अशा जाळ्याने जाणकाराचा पत्ता द्यावा आणि संस्थेने त्याच्याशी बोलायला कामाच्या तासांतच वेळ द्यावा. सॉफ्टवेअरवर खर्च करून हा वेळ मात्र नाकारणारी संस्था माणसं निवृत्त होताना त्यांचं ज्ञानही गमावत राहील.