पानातला भात आणि कमरेचा घेर

वजन वाढणे म्हणजे सर्वांगाने सुटणे, अशी समजूत रूढ असल्यामुळे ज्याचे हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे आलेले, त्या माणसाला स्थूल म्हणायला सहसा कोणी धजत नाही. वैद्यकीय दृष्टीने मात्र हीच ठेवण अधिक चिंतेची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीरभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ असाच होता. तरीही युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हाच कल आढळला: वजनाने ती कमी भरत, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक असे.

म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढचा शरीरभारांक अतिरिक्त वजनाचा आणि २५ च्या पुढचा स्थूलतेचा मानावा, असे येथील तज्ज्ञ सांगतात. १६० सेंटिमीटर उंचीची व्यक्ती ६० किलो वजनालाच पहिली मर्यादा ओलांडते. मोजपट्टी तर याहूनही सोपी, कारण पुरुषाच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला, की पोटातील अवयवांभोवती चरबी साठल्याची शंका घ्यावी. ही चरबी निपचित पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले यकृताकडे जातात आणि रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाचा प्रभाव मंदावतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि मद्याचा थेंबही न घेणाऱ्यांना होणारा यकृतातील मेदसंचय या विकारांचे धागे येथे एकत्र येतात. गुडघ्यांची झीज आणि झोपेत श्वास अडखळणे हे वेगळेच.

कोकणातील सिंधुदुर्ग जिल्ह्यालाही ही चिंता जवळची आहे. त्याला लागून असलेल्या, आहाराने त्याच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले; देशाची सरासरी ११.४ टक्के आहे.

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा रत्नागिरीपासून वेगळा जिल्हा झाला आणि ओरोस येथे कचेऱ्यांची सिंधुदुर्गनगरी वसली. अशा कचेऱ्यांत खुर्चीवर दिवस जाणाऱ्या माणसाच्या पानातही भाताचा ढीग मात्र नांगरणी-लावणी करणाऱ्याच्या भुकेला साजेसाच वाढला जातो, आणि खरा बिघाड येथेच आहे. उकड्या तांदळाची पेज, माशाचे सार आणि भात हा आहार वाईट नव्हता, नाही. तांदूळ सालीसकट उकडल्याने कोंड्यातील काही ब-जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात आणि बांगडा, तारली या माशांतून उत्तम प्रथिने व हृदयाला पोषक मेद मिळतात. श्रम घटले, भाताचे प्रमाण तेच राहिले आणि त्यावर बिस्किटे, फरसाण व गोड चहाची भर पडली.

आरंभ त्यामुळे ओट्स किंवा महागड्या पुडींनी करण्याचे कारण नाही. निम्मे पान भाजीने, विशेषतः पावसाळ्यात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्यांनी भरावे, पाव भाग मासे, उसळ किंवा कुळथाची पिठी यांना द्यावा आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा नाचणीची भाकरी घ्यावी, म्हणजे घासांची चव न बदलता हिशेब बदलतो. बांगडा तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजावा. खोबरे या प्रदेशातून वजा करणे शक्य नाही आणि योग्यही नाही, परंतु ओल्या खोबऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग मेदाचा आणि तोही बहुतांशी संपृक्त, म्हणजे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवू शकणारा असल्याने रोजच्या वाटणाला माप हवे. वडे-सागोती सणावारी असावी. तो आनंद हिरावून कोणताही आहारनियम टिकत नाही.

मधुमेह टाळण्यासाठी वजन निम्म्यावर आणण्याची गरज नसते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपुढे ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा त्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी झाले. सत्तर किलोच्या माणसासाठी ही घट जेमतेम ५ किलोंची होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र भात एकाएकी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे, कारण आहार घटला आणि औषध तेवढेच राहिले तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.