आधी बंदी, मग परीक्षा!

१९८६ साली मेक्सिकोतील फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले यांनी पुरुषांनी भरलेल्या सभागृहात महिलांच्या विश्वचषकाची मागणी केली. फिफाने विश्वचषक लगेच दिला नाही. आधी चाचणी घेतली! जून १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात १२ देशांच्या महिलांची निमंत्रित स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात नॉर्वेने स्वीडनला १-० ने हरविले. ज्या ब्राझीलमध्ये १९७९ पर्यंत महिलांच्या फुटबॉलवर बंदी होती, तो ब्राझील तिसरा आला. १९९१ मध्ये विश्वचषक मिळाला. पण सामने ९० नव्हे, ८० मिनिटांचे!

आम्ही विचारतो, ज्यांना मैदानाबाहेर ठेवले, त्यांनीच लायकी सिद्ध का करावी? परीक्षा तर बंदी घालणाऱ्यांची व्हायला हवी होती.