गप्पी मासे हौदात सोडा, नदीत नको

डेंग्यू-हिवतापाच्या बंदोबस्तासाठी पाण्यात गप्पी मासे सोडण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आला. दोघेही डासांच्या अळ्या खातात, पण तिथेच थांबत नाहीत. गॅम्बुशिया बेडकांची पिल्ले आणि इतर माशांची अंडीही फस्त करतो. जगातल्या १०० अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. गप्पीची मादी थेट पिल्ले देते आणि नराचे बीज कित्येक महिने साठवते. त्यामुळे एकटी मादीही नवे तळे भरून टाकू शकते.

वर्धा जिल्ह्यातील धाम, बोर, यशोदा या नद्यांत असे मासे एकदा पसरले की परत काढता येत नाहीत. तिथले छोटे स्थानिक मासे आणि चतुरांची पिल्लेही डासांच्या अळ्या खातातच. शिवाय डेंग्यूचा डास नदीत नव्हे, तर घरातल्या रांजणात, कूलरमध्ये, अंगणातल्या टायरमध्ये वाढतो.

म्हणून गप्पी बंदिस्त हौदातच ठेवावेत. बाकी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत व कोरडी ठेवावीत; डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये.