डोंगराला वळसा घालून जाणारी गाडी

आमच्या मीरा-भाईंदरकडची जुनी जमीन खाडीकाठची, सपाट. भातखाचरे काय, मिठागरे काय, तेथील सारा खटाटोप पाणी अडवण्याचा. डोंगरउताराची तऱ्हा उलटी. तेथे पाणी पळते आणि पळताना माती घेऊन जाते. अशा उतारावर माणसाने शंभर वर्षांहून अधिक काळ एक रेल्वे टिकवून धरली आहे. ती म्हणजे नेरळ-माथेरानची छोटी गाडी. मुलांना ती गंमत वाटते, पण शेतकऱ्याने तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे.

माथेरानचा डोंगर रायगड जिल्ह्यात येतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे चढून गेले आणि पुढे मुंबईकरांसाठी ते थंड हवेचे ठिकाण झाले. ठाकूर आणि कातकरी बांधवांना मात्र तो डोंगर आधीपासूनच ठाऊक होता. नेरळपर्यंत रेल्वे होती, पुढे घोडा, पालखी नाहीतर पायपीट. ही अडचण दूर करण्याचे मनावर घेतले अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी पुरवला. १९०४ साली काम सुरू झाले, सुमारे १६ लाख रुपये खर्च आला आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली.

नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे साडेसातशे मीटर चढायचे आहे. सरळ चढ घेतला तर गाडीची चाके रुळावर घसरतील. म्हणून सुमारे २० किलोमीटरचा वळसा घातला. सर्वांत कठीण चढ २० फुटांना १ फूट एवढाच ठेवला. रुळांमधले अंतर २ फूट. आपल्या मोठ्या गाडीचे ते साडेपाच फूट असते. रूळ जवळ असले म्हणजे गाडी लहान होते, अगदी आखूड वळण घेऊ शकते आणि डोंगर कमी फोडावा लागतो. जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांचे पुढचे-मागचे आससुद्धा वळणावर थोडे सरकतील असे बनवलेले होते. उतरताना डब्यांवरचे ब्रेकवाले इंजिनाच्या शिट्टीकडे कान लावून हाताने ब्रेक आवळत.

नेरळ सोडल्यावर जुम्मापट्टी लागते, मग वॉटर पाइप. पाण्याच्या नळावरून या स्थानकाला हे नाव पडले. मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळण आहे आणि एक छोटा बोगदा आहे. पुढे दस्तुरी नाक्याजवळ अमन लॉज. बाहेरून येणाऱ्या मोटारी येथेच थांबतात. शेवटचे स्थानक माथेरान. प्रवासाला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. मीरा-भाईंदरकडून जाणाऱ्याने दादरला गाडी बदलून कर्जत लोकल धरावी व नेरळला उतरावे.

या मार्गाची खरी परीक्षा घेतो तो पाऊस. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. दुरुस्ती होऊन २००७ साली, म्हणजे शंभरी भरली त्याच वर्षी, गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तडाखा दिला आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच ठेवतात. फक्त वरच्या टप्प्यात, अमन लॉज ते माथेरान, फेऱ्या चालतात.

दुरुस्तीच्या वेळी डोंगराच्या कडेला दगड भरलेल्या तारजाळीच्या भिंती घातल्या. नाल्यावर गॅबियन बंधारा घालतो, त्यातलाच हा प्रकार. पक्की भिंत मागे पाणी तुंबले की त्याच्या दाबाने ढासळते. जाळीची भिंत पाणी झिरपू देते आणि माती धरून ठेवते. मार्गावर शंभराहून अधिक लहान-मोठे पूल आहेत. डोंगरावरून येणाऱ्या ओहोळाला वाट ठेवली नाही, तर तो रुळाखालचा भराव फोडून आपली वाट काढतो.

शेतकरी बंधूंनो, आपली नाचणी-वरीची वरकस जमीन अशाच उतारावर असते. तेथे नांगर वर-खाली धरला की प्रत्येक तास म्हणजे पाण्याला आयता पाट होतो आणि दोन पावसांत वरची माती खालच्या ओढ्यात जाते. त्याऐवजी नांगरट उताराला आडवी करावी. बांध समपातळीत घालावा, तोही एकच मोठा घालण्यापेक्षा ठरावीक अंतरावर लहान लहान घालावेत. प्रत्येक बांधाला दगडांनी बांधलेला सांडवा ठेवावा. बांध फुटतो तो बहुधा जादा पाण्याला बाहेर पडायला जागा नसल्यामुळे.

रेल्वे वाहून गेली तर सरकार ती पुन्हा बांधते. शेतातून गेलेली माती कोणी परत आणून देत नाही. म्हणून बांध-सांडव्याची डागडुजी मिरगाआधी उरकून घ्यावी. आणि पहिला मोठा पाऊस झाला की डोक्यावर इरले घेऊन शेतात एक फेरी मारावी. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे त्या वेळी जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे एरवी दिसत नाही.