अतिदक्षता विभागातील गुंगी व वेदनाशमन

बडोद्याच्या सर सयाजीराव रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात आपल्यापैकी कोणी अतिदक्षता विभागात असला, की नातेवाईक धर्मगुरूंस विचारतात, "याला औषधाने झोपवून ठेवले आहे, हे योग्य आहे का?" प्रश्नामागे दोन भये असतात : औषधाने मरण लवकर येईल, आणि पापनिवेदनाविना तो जाईल.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. मॉर्फिन वा फेंटानिल वेदना शमविते. मिडाझोलाम झोप आणते, पण वेदना हरत नाही. घशात नळी असलेला रोगी बोलू शकत नाही. त्याचा चेहरा, हातांची हालचाल, श्वसनयंत्राशी चाललेली झटापट यांवरून परिचारिका वेदना ताडतात. शांत पडलेला रोगी वेदनामुक्त असतोच असे नव्हे. म्हणून आधी वेदनाशमन आणि मग गरजेपुरती गुंगी, ही आजची रीत होय. शिकागो येथे १२८ रोग्यांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची गुंगी रोज काही काळ थांबविली, ते मध्यमानाने ४.९ दिवसांत श्वसनयंत्रापासून सुटले, इतरांस ७.३ दिवस लागले.

मरणाच्या भयाविषयी पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांस स्पष्ट उत्तर दिले आहे. दुसरा उपाय नसेल व रोग्याच्या धार्मिक-नैतिक कर्तव्यांस बाध येत नसेल, तर शुद्ध हरपली वा आयुष्य काहीसे घटले तरी वेदनाशामक देणे धर्म्य आहे. हेतू वेदनाशमनाचा हवा, मृत्यूचा नव्हे. १९८० च्या रोमच्या घोषणापत्राने हेच पुन्हा मांडले.

प्रभूने गंधरसमिश्रित द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), असे कोणी पुढे करतात. तो मार्ग स्वेच्छेने पत्करावयाचा आहे. सर्वांस तो नियम लावणे अविवेकाचे, असे तेच घोषणापत्र म्हणते. बापाच्या वतीने मुलाने वेदना पत्करणे हा तर, आमच्या मते, त्यागच नव्हे.

दुसरे भय मात्र साधार आहे. श्वसनयंत्र लावण्याचे ठरत आहे असे कळताच धर्मशिक्षकाने धर्मगुरूंस बोलवावे; नळी घातल्यावर बोलणे खुंटते. ती वेळ टळलीच, तर गुंगी केव्हा हलकी करणार हे डॉक्टरांस विचारावे. मान हलवून केलेले पापनिवेदनही चालते. शुद्ध नसली तरी, शुद्धीत असता त्याने मागितला असता असा रुग्णाभ्यंग द्यावा. नळ्यांची अडचण असल्यास केवळ कपाळास तेल लावलेले पुरते. त्याला काही ऐकू येत नाही असे समजून खाटेपाशी कोणी बोलू नये.