पंचनामा झाला, मग पैसे कुठे अडले?

आपल्या शाळेतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील कामासाठी पुण्यात आले आहेत, पण शेत गावाकडेच आहे. आमचेही तसेच. माझे मामा माढा तालुक्यात सीना नदीच्या काठी राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला मोठा पूर आला. मामांचे सोयाबीन काढायला झाले होते, ते पाण्यात गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी पाहिले, तर शेंगांतच मोड आले होते. वास असा, की नाक धरावे लागले.

"आता सरकार पैसे देणार ना?" मी विचारले.

मामा म्हणाले, "देणार गं, पण आधी पंचनामा."

पंचनामा म्हणजे नुकसान डोळ्यांनी पाहून केलेली नोंद. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून तो करतात. (या तिघांची पदनावे आता बदलली आहेत, पण गावात जुनीच चालतात.) पुराने किंवा अतिवृष्टीने पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेले असेल तरच मदत मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्के होती. एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी म्हणतात.

गावाचे आकडे तहसीलदारांकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो, म्हणून मामांच्या शेताचा आकडा पुण्याला विभागीय आयुक्तांकडे येऊन मग मुंबईला मंत्रालयात गेला. माझ्या आधी तोच पुणे बघून गेला म्हणायचा!

आता हिशोब. २०२५ मध्ये कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० असा दर होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मदत दोनऐवजी तीन हेक्टरपर्यंत द्यायचे ठरवले आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले. मामांचे कोरडवाहू शेत ६० आर, म्हणजे दीड एकर. त्याचे ५,१०० आणि ६,००० मिळून ११,१०० रुपये होतात. मामांनी बी, खत, फवारणी, मजुरी बोटांवर मोजून दाखवली. ती याहून जास्त निघाली. मला वाटायचे ही नुकसानभरपाई असते. पण सरकारी कागदात 'निविष्ठा अनुदान' लिहितात, म्हणजे पुढच्या पेरणीला हातभार.

यादी लागली तेव्हा घोटाळा कळला. यादीत नाव आजोबांचे! ते वारून सहा वर्षे झाली. सातबाऱ्यावर वारसांची नोंद आमच्याच घरच्यांनी करायची राहिली होती. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात आणि काही जणांना त्याआधी केंद्रावर अंगठा लावावा लागतो. आजी म्हणाली, "आता अंगठा कुणाचा लावणार?"

मग मृत्यूचा दाखला काढला, वारसांचा अर्ज दिला. मुलीसुद्धा वारस असतात, म्हणून आई कामावरून दोन दिवस रजा काढून गावी गेली. पैसे मामांच्या खात्यावर जमा व्हावेत, असे संमतीपत्र आजी, आई आणि मावशीने दिले. ते अजून यायचे आहेत.

नवा सातबारा मात्र आईने घरी आणला. त्यावर आईचे नाव छापलेले मी पहिल्यांदाच पाहिले. बाबांनी तो वाचला आणि लगेच त्यांच्या गावाला फोन लावला.