बुंदेलखंडचा राजपुत्र आणि मिठातली वीज

बाळांनो, झाशीच्या लक्ष्मी तालाच्या या काठावर राणी लक्ष्मीबाईंनी बांधलेली गंगाधररावांची छत्री तुम्ही पाहिलीत, महालक्ष्मीचं देऊळही पाहिलंत. राणीसाहेबांची गोष्ट तर तुम्हाला पाठच आहे. आज याच मुलखातल्या दुसऱ्या एका माणसाची सांगतो. तो खरा कधी जन्मलाच नाही, पण त्याची वीज आता खरी होऊ लागली आहे.

त्याचं नाव राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा. सत्तावनच्या उठावात तो लढला, घरदार गमावून बसला आणि मग समुद्राच्या पोटात जाऊन राहिला. जग त्याला कॅप्टन नेमो म्हणतं. ज्यूल व्हर्न नावाच्या फ्रेंच लेखकानं त्याला जन्माला घातलं. १८७० च्या सुमारास पाणबुडीची कादंबरी आली, तेव्हा नेमो कुठला हे गुपितच होतं. पुढच्या एका कादंबरीत, १८७५ पर्यंत, कळलं की हा तर आपल्या बुंदेलखंडचा! आम्हा मराठी पोरांच्या हातात व्हर्न दिला तो भा. रा. भागवतांनी.

नेमोची पाणबुडी नॉटिलस विजेवर चाले. वीज कुठून आणली? समुद्रातून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात मीठच जास्त. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. नेमो त्यातला सोडियम काढी, पाऱ्यात मिसळी आणि बॅटरीत जस्ताच्या जागी बसवी. पारा तसाच राही, सोडियम तेवढा खर्ची पडे, तो समुद्र पुन्हा देई. दीडशे वर्षांपूर्वी हे सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमच्या मोबाइलमध्ये बघा. तिथं लिथियम आहे. त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बॅटरीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि चार्जिंगला लावलं की परततात. खर्ची काही पडत नाही. पण पृथ्वीच्या कवचात लिथियम दहा लाख भागांत वीसेक भाग, आणि सोडियम शंभरात दोनांहून जास्त. मग सोडियमच का नाही घेतला?

घ्यायला गेले, तर निसर्गानं अडवलं. लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. सोडियम मात्र तिथं धड बसत नाही. तुम्ही म्हणाल, तो अंगानं थोराड म्हणून. मग पोटॅशियम तर त्याहून थोराड, आणि तो बसतो! खरं कारण असं, की थर फाकवून आत शिरायला जी ऊर्जा लागते, तेवढी भरपाई करणारा घट्ट संबंध सोडियम कार्बनशी जोडत नाही. लहान भाऊ बसला, मोठा बसला, मधलाच बाहेर राहिला. निसर्गाचा हिशेब असा नुसत्या आकारावर चालत नाही, पोरांनो.

मग शास्त्रज्ञांनी कार्बनच दुसरा घेतला, हार्ड कार्बन. ग्राफाइट नव्या वहीच्या पानांसारखं सरळ थरांचं, तर हा तीच पानं चुरगाळून टाकल्यासारखा. त्याच्या वेड्यावाकड्या फटींत आणि पोकळ्यांत सोडियम सुखानं मावतो. हा कार्बन नारळाच्या करवंट्या हवेशिवाय खूप तापवूनही करता येतो. म्हणजे एकीकडे मिठागर, दुसरीकडे माडाची बाग. गंगाधररावांचं नेवाळकर घराणं ज्या कोकणातून आलं, तिथं दोन्ही आहेत!

पुण्यात केपीआयटी कंपनीनं आयसर पुणे या संस्थेच्या साथीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. आपल्या देशात हे होतंय याचा मला फार आनंद आहे. या बॅटरीत आणखी एक सोय आहे. लिथियमच्या बॅटरीत एका टोकाला तांब्याचा पत्रा लागतो, कारण तिथं ॲल्युमिनियम लिथियमशी मिसळून जातं. सोडियमशी ते तसं मिसळत नाही, म्हणून दोन्हीकडे स्वस्त ॲल्युमिनियम चालतं. शिवाय ती पुरती रिकामी करून पाठवता येते, म्हणजे वाहतुकीत धोका कमी.

उणंही सांगतो. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, म्हणून तेवढ्याच वजनात वीज कमी मावते. लांब पल्ल्याच्या मोटारीला ते जड जाईल. पण दिवसाचं ऊन साठवून रात्री दिवे लावायचे असतील, तर बॅटरी जमिनीवर एका जागी बसलेली असते, तिथं वजनाचं काय अडतं? आणि आपल्या बुंदेलखंडात उन्हाला कधी तोटा आहे का?